विश्लेषण : नस बंद पडली की स्नायूतली जनुके का जागी होतात? हाताच्या बाबतीत सहा महिन्यांचे गणित काय?

तुमसर तालुक्यातल्या आंबागडला बाहेरचे लोक जातात ते किल्ला पाहायला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजा खान पठाण याने बांधलेला हा किल्ला सातपुड्याच्या टेकडीवर आहे. खाली धानाच्या बांध्या. पावसाळ्यात या भागात रोवणीची घाई असते आणि भंडारा-गोंदियाच्या गावांत बिडी वळण्याचे कामही पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. ही दोन्ही कामे चिमटीची. पऱ्ह्याची दोन-तीन रोपे बोटांत धरून चिखलात खोचायची, किंवा तेंदूपान गुंडाळून त्याचे तोंड नखाने दुमडायचे.

ही चिमूट ज्या छोट्या स्नायूंवर चालते ते तळहातात असतात. त्यातल्या बहुतेकांना हुकूम देणारी नस मात्र कोपराच्या हाडाला अगदी चिकटून, कातडीच्या खालून जाते. कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच ही 'अल्नर' नस. पूर्व विदर्भातले जिल्हे आजही कुष्ठरोगाच्या दृष्टीने राज्यातले अधिक प्रभावित जिल्हे मानले जातात आणि कुष्ठरोगाचा जंतू ज्या नसांना धरतो, त्यांत हिचा क्रमांक फार वरचा आहे.

कुष्ठरोग म्हटले की चट्टा आणि बधिरता एवढेच डोळ्यांसमोर येते. पण नस बंद पडल्यावर पलीकडच्या टोकाला, स्नायूच्या आत काय होते, हे फारसे सांगितले जात नाही. तिथे जे घडते त्याची सुरुवात महिन्यांत नव्हे, दिवसांत होते. 'वेळेत दाखवा' या सरकारी वाक्यातली वेळ त्यावरूनच ठरते.

ही नस कोणती?

बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे विषय मज्जातंतूंचा आहे. मेंदूकडून पाठीच्या कण्यात आणि तिथून हातापायांत जाणाऱ्या या तारा. एका नसेत हजारो बारीक तारा असतात. काही स्पर्श, उष्णता, वेदना वर नेतात, काही हालचालीचा हुकूम खाली आणतात. कुष्ठरोगात बहुधा आधी संवेदना जाते आणि मग ताकद. म्हणून चटका बसलेला कळत नाही, ही तक्रार बोटे वाकडी होण्याच्या आधीची असते.

नस आणि स्नायू यांच्यात बोलणे कसे होते?

तार स्नायूला थेट चिकटलेली नसते. मध्ये मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाएवढी फट असते. विजेचा ठोका तारेच्या टोकाशी पोचला की तिथून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन फटीत सांडते. पलीकडे, स्नायूच्या पृष्ठभागावर, हे रसायन ओळखणारी दारे बसवलेली असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. दार उघडले की सोडियम आत येते, थोडे पोटॅशियम बाहेर जाते, स्नायूत वीज पसरते आणि तो आकसतो. हे सगळे सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकते.

ही दारे सगळीकडे नसतात, हे महत्त्वाचे. तार जिथे टेकते त्या इवल्याशा जागेत ती खच्चून भरलेली असतात. एका चौरस मायक्रॉनमध्ये सुमारे १०,०००. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) तिथून थोडे बाजूला गेले की जवळजवळ शून्य.

आता यातली गंमत. स्नायूचा एक धागा म्हणजे एकच लांबलचक पेशी आणि तिच्यात शेकडो केंद्रके असतात. प्रत्येक केंद्रकात तीच जनुके, तोच नकाशा. म्हणजे रिसेप्टर बनवायची कृती प्रत्येकाकडे आहे. तरीही ती वापरतात फक्त जोडाच्या खालची मोजकी केंद्रके. बाकीच्यांनी वही मिटून ठेवलेली असते. त्यांना गप्प कोण बसवते? स्नायूचे स्वतःचे काम. आकसताना स्नायूत वीज फिरते, पेशीत कॅल्शियमची लाट येते आणि त्या लाटेमुळे दूरच्या केंद्रकांतली रिसेप्टरची जनुके दाबलेली राहतात. जोडाच्या जागेला मात्र नसेकडून वेगळे रासायनिक इशारे मिळत असल्याने तिथले उत्पादन चालू राहते.

लाइन गेल्यावर काय होते?

गावात डीपी जळला की घरात कोणी गप्प बसत नाही. कोणी टॉर्च काढतो, कोणी वायरमनला फोन लावतो, कोणी शेजारून तार ओढतो. स्नायूचे वागणे बरेचसे असेच.

नस तुटली की विजेचे ठोके थांबतात. कॅल्शियमची लाट थांबते. दूरच्या केंद्रकांवरचा दाब उठतो आणि मिटलेल्या वह्या एकदम उघडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत पहिल्या दोन-तीन दिवसांतच हे दिसू लागते. रिसेप्टरच्या जनुकांच्या प्रती, म्हणजे आरएनए, धाग्याच्या पूर्ण लांबीवर बनू लागतात आणि मागोमाग नवी दारे सगळीकडे उगवतात. एरवी एका ठिपक्यापुरता 'ऐकू येणारा' स्नायू आता अंगभर कान करून बसतो. ॲसिटिलकोलिनचा अगदी थोडा अंशही त्याला पुरतो. संशोधक याला अतिसंवेदनशीलता म्हणतात.

नवी दारे जुन्यांसारखी नसतात. रिसेप्टर पाच तुकडे जुळून बनतो. प्रौढ माणसाच्या स्नायूत त्यात दोन अल्फा आणि प्रत्येकी एक बीटा, डेल्टा व एप्सिलॉन असे तुकडे असतात. आईच्या पोटातल्या बाळाच्या स्नायूत एप्सिलॉनच्या जागी गॅमा असतो. नस जोडली गेली, काम सुरू झाले की गॅमाचे जनुक बंद होते आणि एप्सिलॉनचे सुरू होते. नस गेल्यावर हा काटा उलटा फिरतो. मोठ्या माणसाच्या स्नायूत गॅमाचे जनुक पुन्हा चालू होते, म्हणजे नस येण्याआधीच्या अवस्थेतला कारभार परत सुरू होतो. बाळाच्या प्रकारची ही दारे उघडली की जास्त वेळ उघडी राहतात. त्यांचे आयुष्यही कमी. जोडावरचे प्रौढ रिसेप्टर सुमारे दहा दिवसांत अर्धे बदलले जातात, ही नवी मंडळी साधारण एका दिवसात. माल भराभर बनतो आणि भराभर मोडीत निघतो. त्याला लागणारी ऊर्जा त्याच कमजोर होत चाललेल्या पेशीकडून जाते.

जुन्या जोडाची जागा मात्र पुसली जात नाही. नसेने तिथे ॲग्रिन नावाचे प्रथिन सोडलेले असते. ते पेशीभोवतीच्या अस्तरात अडकून राहते. नस परत वाढत आली तर ती बहुतेक वेळा नेमकी त्या जुन्या ठिपक्यावरच येऊन टेकते. शरीराने पत्ता जपून ठेवलेला असतो. फक्त तो अनंतकाळ जपलेला नसतो, हा पुढचा मुद्दा.

हे कळले कसे? तंबाखू आणि मण्यारचा काय संबंध?

रिसेप्टर ही कल्पनाच निकोटिनमधून आली. केंब्रिजचे जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये कोंबडीच्या स्नायूंवर निकोटिन टाकून पाहिले. स्नायू आकसला. मग नस कापून, तिची टोके नासू दिल्यानंतरही निकोटिन टाकले. स्नायू तरीही आकसला. म्हणजे निकोटिन नसेवर नव्हे, स्नायूवरच्याच कशावर तरी काम करत होते. त्या 'कशावर तरी'ला त्यांनी ग्रहण करणारा पदार्थ म्हटले. आज स्नायूवरच्या या दारांचे अधिकृत नाव 'निकोटिनिक' रिसेप्टर असे आहे. जी बोटे तंबाखू भरून बिडी वळतात, त्यांना हलवणाऱ्या स्नायूंवरच्या दारांना तंबाखूतल्याच रसायनाचे नाव आहे, हा योगायोग भंडाऱ्याच्या वाचकांना आवडावा.

नस गेल्यावर संवेदनशील जागा पसरते, हे १९५९-६० मध्ये ॲक्सेलसन व थेस्लेफ आणि नंतर रिकार्डो मिलेदी यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. पण पसरलेली दारे मोजायची कशी? उत्तर मिळाले तैवानमध्ये. तिथल्या चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये एका मण्यार सापाच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे केले. हे विष स्नायूवरच्या रिसेप्टरला असे घट्ट बसते की सहजासहजी सुटत नाही. त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडले की जिथे विष, तिथे रिसेप्टर, असा सरळ हिशेब. पुढची कितीतरी मोजदाद याच विषाने झाली.

तैवानचा तो साप आपल्याकडे नाही, पण त्याची भावंडे आहेत. साधा मण्यार पूर्व विदर्भात आहेच, पट्टेरी मण्यारही आहे. साध्या मण्यारच्या विषातले बीटा प्रकारचे घटक मज्जातंतूच्या टोकांवर हल्ला करून ती निकामी करतात. म्हणजे काही काळासाठी स्नायूची नसच तोडतात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावा कळतही नाही. सूज नाही, फारशी वेदना नाही, सकाळी पापण्या उघडत नाहीत आणि मग श्वास अडतो. टोके निकामी झाल्यावर प्रतिविष त्यांना लगेच पूर्ववत करू शकत नाही. नवी टोके फुटेपर्यंत व्हेंटिलेटरच माणसाला जगवतो. मंत्र-झाडपाल्यात गेलेला वेळ इथे किती महाग पडतो, ते वेगळे सांगायला नको.

वीज परत दिली तर जनुके पुन्हा गप्प होतात का?

होतात. लोमो आणि रोझेंथल यांनी १९७२ मध्ये उंदरांत नस तोडून स्नायूला बाहेरून विजेचे ठोके दिले. अतिसंवेदनशीलता आली नाही, आणि आलेली असेल तर ओसरली. नस जागेवर नसताना केवळ काम दिल्याने स्नायू शांत झाला. वरचा कॅल्शियमचा खुलासा अशा प्रयोगांतून पुढे आला.

मात्र यावरून 'हाताला करंटचे मशीन लावले की झाले' असा अर्थ काढू नये. उंदराच्या पायात रोवलेली इलेक्ट्रोड आणि आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे लावलेले यंत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुष्ठरोगात तर खरा बिघाड नसेत आहे. ती सुजलेली असताना फक्त स्नायूला करंट देत बसणे म्हणजे डीपी जळालेला असताना बल्ब बदलत राहणे.

मग स्नायू वाळतो का?

मला या विषयातला सगळ्यात चटका लावणारा भाग हाच वाटतो. जे बटण रिसेप्टर वाढवते, तेच स्नायू मोडीत काढायलाही सुरुवात करते.

साखळी अशी. नस गेली की पेशीत एचडॅक-४ नावाचे प्रथिन वाढते. ते डॅक-२ या दुसऱ्या प्रथिनाला दाबते. डॅक-२ चे एरवीचे काम मायोजेनिनला आवरून धरण्याचे. आवरणारा गेला, मायोजेनिन मोकळे सुटले. मायोजेनिन हे जनुके चालू करणारे प्रथिन आहे. ते रिसेप्टरची जनुके चालू करते, म्हणजे नसेची वाट पाहायची तयारी करते. पण स्नायूतली प्रथिने तोडायला लावणारी दोन जनुके, म्युअरएफ-१ आणि अट्रोजिन-१, तीही तेच चालू करते. ही दोन जनुके २००१ मध्ये ओळखली गेली. मायोजेनिनशी त्यांचा धागा २०१० मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात जुळला. मोठेपणी मायोजेनिन काढून टाकलेल्या उंदरांत नस कापल्यावरही स्नायू तुलनेने कमी वाळला.

इंजिनीअरिंगच्या चौकटीत पाहिले तर हा चक्क डिझाइनमधला दोष वाटतो. एकाच रिलेवर जनरेटर आणि भंगार काढायची क्रेन, दोन्ही कशाला जोडायचे? पण पेशीच्या बाजूने त्याला अर्थ आहे. काम नसलेला स्नायू पोसणे परवडत नाही, आणि नस परत येण्याची आशाही सोडवत नाही. दोन्ही एकदम चालू राहते. नस लवकर आली तर रिसेप्टरची तयारी कामी येते. उशीर झाला तर तोडफोड पुढे निघून जाते, धागे बारीक होतात आणि त्यांच्या जागी चरबी व तंतुमय ऊती भरते. तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला हाताच्या पाठीवरचा मांसल उंचवटा खोलगट झालेला दिसतो. दवाखान्यात डॉक्टर तिथे बोट दाबून पाहतात ते यासाठीच.

किती वेळ हातात असतो?

तुटलेली तार दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कोपरापासून तळहातातल्या स्नायूंपर्यंतचे अंतर २५ ते ३० सेंटिमीटर. म्हणजे कोपराशी पूर्ण तुटलेल्या नसेला, सगळे सुरळीत झाले तरी, २५० ते ३०० दिवस लागणार. स्नायू नसेविना साधारण १२ ते १८ महिने तग धरतो असे शल्यचिकित्सक मानतात. त्यानंतर नस पोचली तरी तिला जोडण्यासारखे फारसे उरलेले नसते. गणित किती काठावरचे आहे ते लक्षात येईल. सुरुवातीचे चार महिने दुर्लक्षात गेले तर पुढचे सगळे वजाबाकीत जाते.

कुष्ठरोगात एक दिलासा आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. नस एकदम तुटत नाही. जंतू तारांभोवतीचे वेष्टन सांभाळणाऱ्या पेशींत घर करतो. शरीराच्या थंड भागात त्याची वाढ चांगली होते आणि कोपरापाशी कातडीलगत असलेली नस त्याला सोयीची पडते. तो वाढतो अतिशय संथ. एकाचे दोन व्हायला सुमारे दोन आठवडे. मोठे नुकसान बरेचदा जंतूपेक्षा शरीराच्या प्रतिक्रियेतून होते. प्रतिकारशक्ती अचानक भडकते, नस सुजते, दुखते आणि आतल्या तारा आवळल्या जातात. या टप्प्यावर पुष्कळ तारा तुटलेल्या नसतात, फक्त निरोप अडलेला असतो. स्नायूच्या दृष्टीने शांतता तीच, त्यामुळे जनुकांची हालचाल तेव्हाही सुरू होऊ शकते. पण सूज उतरली तर तार तीच असते, मिलिमीटर-मिलिमीटरने वाढायची गरज नसते.

म्हणूनच सहा महिन्यांचा आकडा. नसेची ताकद किंवा संवेदना जाऊन सहा महिने झाले नसतील तर प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे, सुरू केली जातात आणि बऱ्याच जणांत नस सावरते. सहा महिन्यांनंतर ती शक्यता झपाट्याने कमी होते. बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, हा वेगळा भाग. सहा किंवा बारा महिन्यांच्या त्या गोळ्या जंतू मारतात, रोग बरा करतात, संसर्ग थांबवतात. गेलेली नस परत आणणे हे त्यांचे काम नव्हे. गोळ्या चालू असताना, इतकेच काय, संपल्यानंतरही प्रतिक्रिया येऊ शकते. 'कोर्स पूर्ण झाला, आता काय बघायचे' म्हणणारा माणूस याच फटीत सापडतो. २००५ च्या डिसेंबरमध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि 'निर्मूलन' झाल्याचे जाहीर झाले. त्या शब्दाने गावागावांत रोग संपल्याचा समज पसरला. तो समज आजही नडतो, असे माझे मत आहे.

घरी पाहता येण्याजोग्या काही सोप्या गोष्टी आहेत. तळहात वर करून करंगळी बाजूला बाहेर ढकला आणि दुसऱ्याला ती आत दाबायला सांगा. अंगठा छताकडे सरळ उचला. टाच टेकवून पाऊल वर ओढा. डोळे घट्ट मिटा आणि पापण्यांत फट राहते का ते दुसऱ्याला पाहू द्या. शेजारच्या दोन बोटांत कागद धरा, तो सहज ओढून निघतो का पाहा. एका बाजूची ताकद कमी वाटली, कोपर किंवा घोट्यापाशी नस दोरीसारखी जाड लागली, दाबल्यावर दुखली, किंवा बधिर चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तपासणी आणि औषधे तिथे मोफत असतात. घरोघरी येणाऱ्या शोधमोहिमेत आशाताई अंगावरचे चट्टे विचारतात. त्यांना हातातली ताकद कमी झाल्याचेही सांगा. रोवणीच्या दिवसांत 'हात भरून आला असेल' म्हणून सोडून दिलेली करंगळी दिवाळीपर्यंत वाकडी झालेली असू शकते.

बोटे आखडणे हे सगळे कुष्ठरोगाचेच असते असेही नाही. मधुमेह, अपघातात कापलेली नस, कोपरावर सतत येणारा दाब यांनीही हेच होते. कारण वेगळे, पण स्नायूच्या आतली गोष्ट तीच.

ऑपरेशनच्या टेबलावर हा प्रश्न का येतो?

अंगभर उगवलेले रिसेप्टर एका ठिकाणी जिवावर उठू शकतात. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू झटकन सैल करायचे असतात. त्यासाठी सक्सिनिलकोलिन हे औषध वापरतात. थिएटरमधल्या बोलीत 'स्कोलिन'. त्याची रचना ॲसिटिलकोलिनच्या दोन रेणूंसारखी आहे. ते दारे उघडते. निरोगी माणसात दारे जोडापुरतीच असल्याने थोडेसे पोटॅशियम बाहेर येते आणि काही बिघडत नाही. पण मोठ्या स्नायूंची नस गेलेली असेल, तर सगळ्या पृष्ठभागावरची दारे एकदम उघडतात, तीही जास्त वेळ उघडी राहणारी. रक्तातले पोटॅशियम काही मिनिटांत इतके चढते की हृदय बंद पडू शकते. व्हिएतनाम युद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या शस्त्रक्रियांमध्ये असे प्रसंग आल्याच्या नोंदी १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाल्या. कारण कळल्यावर नियम बदलले. इजा होऊन दोन-तीन दिवस उलटले की धोका सुरू झाला असे धरतात आणि रोक्युरोनियमसारखी, दारे न उघडता अडवणारी औषधे वापरतात.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली होती. त्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय, कधी श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. अशा रुग्णाला नळी घालताना भूलतज्ज्ञ स्कोलिन टाळतात ते याच कारणाने. मणक्याला मार लागून पाय गेलेले, मोठे भाजलेले, आठवडेच्या आठवडे अतिदक्षता विभागात निपचित पडलेले रुग्णही याच यादीत येतात. फक्त तळहातातले छोटे स्नायू गेले असतील तर धोका त्या मानाने बराच लहान, कारण स्नायूंचे वस्तुमानच कमी. तरीही भूलतज्ज्ञाने विचारायच्या आधी आपणच सांगावे : कुठला अवयव लुळा आहे, कधीपासून आहे. कुष्ठरोगाचा जुना इतिहास लाजेने दडवला जातो, तो निदान या खोलीत दडवू नये.

मुदत टळली असेल तर?

वाळलेला स्नायू सहसा परत येत नाही. मग दुसरा उसना घ्यावा लागतो. तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांत जन्मलेले ब्रिटिश शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे काम हाती घेतले. कुष्ठरोग्यांच्या हातांत अल्नर नस गेली तरी पुढच्या हातातले काही स्नायू दुसऱ्या नसेवर शाबूत असतात. त्यातल्या एकाचा कंडरा सोडवून, लांब करून, तो वाकड्या बोटांना जोडायचा. उसना स्नायू आपली नस सोबत घेऊनच काम करतो, म्हणून त्याच्यात जनुकांची ती उलथापालथ होत नाही.

त्याच काळात विदर्भात वेगळ्या वाटेने काम उभे राहत होते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरुवात केली होती. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे राहिले. तिथे बोटे गेलेल्या माणसांनी शेती केली, माग चालवले. समाजाने नाकारलेल्यांना काम मिळाले, पण हाताला झालेली इजा राहिलीच होती.

आज राष्ट्रीय कार्यक्रमात पुनर्रचना शस्त्रक्रिया मोफत आहे. रोजगार बुडतो म्हणून रुग्णाला दिली जाणारी मदत ८,००० रुपयांवरून १२,००० रुपये करण्यात आली आहे. शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे सांधे मोकळे करण्याचे व्यायाम करावे लागतात. बोटे कायमची ताठरली असतील तर कंडरा बदलून उपयोग नसतो. नंतर साधारण तीन आठवडे प्लास्टर. मग मेंदूला नवे शिकवायचे असते, कारण मनगट हलवायला शिकलेल्या स्नायूला आता बोटे सरळ करायची असतात. पहिले काही दिवस माणूस बोट हलवायला जातो आणि भलतेच काही हलते. फिजिओथेरपिस्ट त्याला समोर बसवून पुन्हा पुन्हा तेच करायला लावतात. आधी मोठा लाकडी ठोकळा उचलायचा, मग लहान, मग गोटी आणि शेवटी कागद.